कुत्रं कशापायी राबतं?

बेळगाव जिल्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून पाहिला तर कुत्र्याचं काम तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं दिसतं. खानापूरच्या बाजूला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पाऊस धो-धो आणि रान दाट. तिथं रात्री भाताच्या खाचरात डुक्कर उतरतं, गवे येतात, गोठ्याच्या आसपास बिबट्या फिरतो. तिथल्या कुत्र्यानं वास काढावा, भुंकून माणूस जागा करावा आणि स्वतः अंतर राखून जिवंत राहावं, एवढंच त्याच्याकडून हवं असतं. मधल्या चिकोडी-हुक्केरी-रायबागच्या भागात जिकडं बघावं तिकडं ऊस. मळ्यातलं घर एकटं, विहिरीवरची मोटर, तांब्याची केबल, दावणीची म्हैस, राखण ह्यांची. आणि पूर्वेला, सौंदत्तीकडं किंवा अथणीच्या कोरडवाहू अंगाला, उघडं रान, मेंढरांचे कळप आणि त्यांच्यामागं लांडगा.

पिल्लू घ्यायला निघालेला माणूस मात्र तिन्हीकडं एकच विचारतो, “जात कुठली घेऊ?” जात विचारण्यात चूक नाही, पण त्याआधी विचारायचं ते राहून जातं: आपल्याकडं काम काय आहे, आणि ते काम केल्याबद्दल कुत्र्याला काय मिळणार आहे? कुत्रं फुकट राबत नाही. प्रत्येकाची मजुरी तेवढी वेगळी. कुणाला पळायला मिळणं हीच मजुरी, कुणाला तोंडात काहीतरी घट्ट धरून ओढायला मिळणं, कुणाला भाकरीचा तुकडा, कुणाला कळपाच्या उबेत पडून राहणं. ही मजुरी आपल्या अंगणात देता येत नसेल तर कितीही नामी जातीचं पिल्लू आणा, दीड वर्षानं ते साखळीला बांधलेलं दिसतं आणि मालक म्हणतो, “कुत्रं काय कामाचं न्हाई बघा, सोडलं की पळतंय.”

उपजत गुण आणि ओढ ह्या दोन गोष्टी बोलताना एकीतच मिसळल्या जातात. गुण म्हणजे न शिकवता येतं ते. ओढ म्हणजे ते करायला मिळावं म्हणून कुत्रं किती झिजेल ते. एकाच वेताची दोन पिल्लं चिंधीमागं धावतात, म्हणजे गुण दोघांतही आहे. चिंधी दाराआड ओढून घेतली की पहिलं पिल्लू वळून भावंडांत मिसळतं, दुसरं पाच मिनिटं दाराची फट हुंगत, नखांनी ओरबाडत उभं राहतं. ओढ ह्या दुसऱ्यात आहे. आपल्याकडं ह्याला फार नेमका शब्द आहे, नाद. “त्याला सशाचा नाद हाय,” असं जुनी माणसं म्हणतात तेव्हा कुत्रं ससा पकडतं की नाही हे ती सांगत नसतात. ससा दिसला की कुत्र्याला दुसरं काही दिसत नाही, हे सांगत असतात.

शिकारी जनावराचं वागणं ही एक साखळी आहे. आधी हालचाल हेरणं, मग नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, जीव घेणारा चावा, फाडणं आणि शेवटी खाणं. लांडग्यात ही साखळी सलग असते, कारण शेवटी पोट भरायचं असतं. माणसानं हजारो वर्षं पैदास निवडत निवडत ह्या साखळीच्या काही कड्या जाड केल्या, काही झिजवल्या. बॉर्डर कोली नजर रोखतो, दबा धरतो, मेंढरं वळवतो, पण पकडीची कडी त्याच्यात निजवलेली असते. लॅब्रॅडोर उचलून आणतो तो अंडं फुटणार नाही इतक्या हलक्या तोंडानं. मुधोळच्या कारवानी कुत्र्यात हेरणं आणि पाठलाग ह्या कड्या अफाट वाढवलेल्या. कळप राखणाऱ्या कुत्र्यात तर पाठलागाची कडी जितकी थंड तितकं बरं.

महत्त्वाचं असं, की जी कडी जाड केलेली असते ती करण्यातच कुत्र्याला सुख मिळतं. कारवानी कुत्रं सशाच्या मांसासाठी पळत नाही. दहा वेळा ससा हातचा गेला तरी अकराव्या वेळी ते तेवढ्याच जोमानं सुटतं, कारण पळतानाच त्याची मजुरी त्याला चुकती झालेली असते. म्हणून अशा कुत्र्याला धावताना बिस्किट दाखवून परत बोलवता येत नाही. जे हातात आहे त्यापेक्षा हलकं काहीतरी आपण देऊ करत असतो.

मुधोळचा विषय ह्या भागात थोडा थांबून बोलण्यासारखा आहे. मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात, आपल्या गोकाकच्या शेजारी. घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपडे ह्यांनी ही कारवानी जात जोपासली आणि नावारूपाला आणली. नर खांद्याशी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, छाती खोल, पोट आत गेलेलं, डोकं लांब आणि अरुंद. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत ते होतं. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला गेली. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं, आणि ज्यांनी आयुष्यात माळावर कुत्रं धावताना पाहिलं नाही त्यांनाही मुधोळ हवंसं वाटू लागलं. देशी जातीला मान मिळाला ह्याचा आनंदच आहे. पण लष्करात गेलं म्हणजे राखणीला उत्तम, हा जो अर्थ लोकांनी काढला त्यानं पुष्कळ चांगल्या कुत्र्यांचं वाटोळं झालं.

हे नजरेवर चालणारं कुत्रं आहे. त्याला लांबवर उघडं रान दिसलं पाहिजे. ज्वारी-हरभरा निघाल्यावरच्या सौंदत्तीच्या काळ्या रानात ते जे आहे ते चिकोडीच्या उसात उरत नाही. सरीत शिरलं की दहा फुटांपुढचं दिसत नाही, पाल्याच्या धारेनं कातडी कापली जाते, कारण ह्याच्या अंगावर केस आखूड आणि चरबी जवळजवळ नाही. मग ते रस्त्यावर निघतं, हालचाल शोधत. मोटरसायकल, शेळी, शेजाऱ्याची कोंबडी. पहिली कोंबडी मारली की मालक साखळी आणतो, आणि साखळीला बांधलेलं कारवानी कुत्रं सहा महिन्यांत एक तर भित्रं होतं किंवा जागच्या जागी फेऱ्या मारत राहतं.

ज्याच्याकडं खरंच जागा आहे, त्यानं धावणं हीच मजुरी धरून शिकवावं. हलक्या कासऱ्याला, दहा-पंधरा मीटर लांबीच्या, कुत्रं बांधायचं, पण गळपट्ट्याला नाही. छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला. ते तीन-चार उड्यांत पूर्ण वेग घेतं आणि कासरा ताणला की सगळा हिसका मानेवर येतो. नाव घेऊन हाक मारायची. वळून दोन पावलं आलं तरी त्याच क्षणी दोरीला बांधलेली चिंधी जमिनीवरून खेचत आपण पळायचं आणि त्याला मागं धावू द्यायचं. म्हणजे हाक ऐकण्याची मजुरी पाठलागातच मिळाली. सुरुवातीला रिकाम्या अंगणात, मग माळावर, मग लांबवर शेळ्या दिसत असताना. दिवसाला पाच-सहा हाका पुष्कळ. कंटाळेपर्यंत ताणलं तर चिंधीची किंमत उतरते. साधा पट्टा ह्या कुत्र्याच्या डोक्यावरून निसटतो, कारण डोकं मानेपेक्षा बारीक. ओढलं की आवळणारा पण ठरावीक मापापुढं न आवळणारा रुंद पट्टा घ्यावा. आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. अंगात चरबी कमी असल्यामुळं भुलीच्या काही औषधांचा अंमल ह्या घडणीच्या कुत्र्यांवर जास्त वेळ राहतो.

ससा मारायला कुत्रं सोडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. ज्याला नुसतं शिकारीसाठीच हे कुत्रं हवं आहे त्यानं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चिंधीमागं धावूनही त्याचं मन भरतं.

धनगराच्या वाड्यावर ह्याच्या अगदी उलट चित्र. मराठीत आपण धनगर म्हणतो, कन्नडमध्ये कुरुबर. सुगी आटोपली की कुणाच्या तरी मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असतात, कोकरं वाघरीच्या जाळीत कोंडलेली, आणि जाळीला लागून कुत्री पडलेली. ही कुत्री कुठल्या क्लबच्या नोंदीत नाहीत. पिल्लं वाड्यातच जन्मतात, डोळे उघडल्यापासून मेंढरांच्या लेंड्यांचा, लोकरीचा, दुधाचा वास त्यांच्या नाकात असतो. तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत पिल्लाला जे दिसतं, ज्याचा वास येतो, ते त्याचं ‘आपलं’ होतं. स्कॉट आणि फुलर ह्या अमेरिकन संशोधकांनी पाच जातींची पिल्लं वर्षानुवर्षं वाढवून हेच दाखवलं; साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातली ही खिडकी एकदा मिटली की पुन्हा तशी उघडत नाही. धनगराला ती आधीपासून ठाऊक आहे. म्हणून तो शहरातून पाच महिन्यांचं कुत्रं आणून मेंढरांत सोडत नाही.

सात आठवड्यांचं पिल्लू मेंढीजवळ कसं जातं ते बारकाईनं पाहावं. चांगलं पिल्लू सरळ जात नाही. अंग खाली घेतं, कान मागं, नजर मेंढीच्या डोळ्यांत न घालता बाजूला. मेंढी पुढचा पाय आपटते. पिल्लू मागं सरकतं, बसतं, जांभई देतं, मग वळसा घालून पुन्हा येतं आणि तिचं तोंड चाटायला बघतं. तिनं ढुशी दिली तर कें करून उलटं पडतं, पण पळून जात नाही. थोड्या वेळानं तिच्याच सावलीत निजतं. ह्या पिल्लाची मजुरी म्हणजे जवळ राहू देणं. त्याच्याशेजारचं दुसरं पिल्लू मान खाली, डोळे एकटक, एक पाय उचलून थबकलेलं, आणि कोकरू पळालं की त्याच्यामागं सुटणारं. दिसायला तेच जास्त चपळ, जास्त हुशार वाटतं. पाहुणा हमखास त्यालाच उचलतो. धनगर मात्र ते सुखानं देऊन टाकतो, कारण त्याला त्याचं पुढचं माहीत असतं.

चांगल्या पिल्लालाही पाचव्या-सहाव्या महिन्यात खोड लागते. कोकरांशी खेळताना कान ओढणं, लोकर उपटणं, पळवणं. खेळ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. दोनदा-तीनदा कोकरू पळालं आणि मजा आली की पाठलागाची निजलेली कडी जागी होते. तेव्हा त्याला कोकरांतून काढून थोराड मेंढ्यांत किंवा एडक्यांजवळ ठेवावं, जे त्याला ढुशी देऊन वळण लावतात. पळणाऱ्या गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात तसं हलकं लाकूड, पुढच्या पायांच्या गुडघ्यांना लागेल इतकं खाली, काही दिवस अडकवलं तरी धावणं अवघड होतं आणि चालणं चालू राहतं. मारून हे जात नाही. मारलेलं कुत्रं मेंढरांपासूनच लांब राहायला शिकतं आणि राखणीचा मूळ पायाच निघून जातो.

अशा वाड्यावरचं पिल्लू बंगल्याच्या राखणीसाठी शहरात आणायची जी टूम आहे तीही फसते. बेळगाव शहरातल्या टिळकवाडीच्या किंवा अनगोळच्या गल्लीत त्याला कळप नाही, हद्द नाही. रात्रभर प्रत्येक पावलाच्या आवाजावर भुंकणं आणि दार उघडं मिळालं की दोन-दोन दिवस भटकणं. शेजारी तक्रार करतात. कुत्र्याचा दोष त्यात काहीच नसतो.

आता राखणीच्या कुत्र्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. वेतात बसलेलं एक पिल्लू अनोळखी माणूस दिसताच कोपऱ्यात जाऊन भुंकतं, गुरगुरतं, हात नेला तर दात लावतं. सोबतचा कोणीतरी म्हणतो, “हेच घे, कडक हाय.” दीड-दोन महिन्यांचं पिल्लू माणसावर भुंकतं ते धाडसानं नाही, भीतीनं. त्याचं शरीर वाचा: मागचे पाय वाकलेले, शेपूट पोटाखाली, वजन मागं. अशा कुत्र्याला मोठेपणी राखणीला ठेवलं तर ते दूधवाल्याला चावतं, शाळेतून आलेल्या पोराला चावतं, आणि खरोखर काठी घेऊन कोणी अंगावर आलं तर खाटेखाली जातं. खरी राखण, म्हणजे परक्याला तोलून बघणं आणि वेळ पडली तर पुढं होणं, ही कुत्र्यात साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान पिकते. तोवर हवं असतं ते निर्धास्त, चौकस, माणसात मिसळणारं पिल्लू.

वीस नखांचं, काळ्या टाळूचं, कान धरून उचललं तरी न केकाटणारं, ह्या खुणांवरही अजून पिल्लं निवडली जातात. कुत्र्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात. मागं जादा नख असणं ही वंशाची गोष्ट आहे, पराक्रमाशी तिचा संबंध नाही. टाळूचा रंगही तसाच. आणि कान धरून उचलण्यात पिल्लाला फक्त दुखतं. हे तरी थांबावं.

बेल्जियन मॅलिनॉइसचं वेड आता आपल्याकडंही आलं आहे. सीमाभागातल्या पुष्कळ गावांत लष्करातून निवृत्त झालेली माणसं आहेत आणि त्यांनी ह्या कुत्र्याचं काम जवळून पाहिलं आहे. त्यांना विचारलं तर ती घरी पाळायला सहसा सांगणार नाहीत. ह्याची मजुरी पकडीत आहे. दोरी, चेंडू, चामड्याचं गुंडाळं, काहीतरी जबड्यात घट्ट धरून ओढणं. श्वानपथकातला हँडलर कुत्र्यानं वस्तू शोधली की लगेच, एका सेकंदाच्या आत, चेंडू देतो, त्याचं कारण हेच. कुत्र्याच्या लेखी ते स्फोटकं शोधत नसतं, चेंडू कुठं आहे ते शोधत असतं. ज्याला रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास ही ओढाताण आणि डोक्याचं काम देता येत नाही त्याच्या घरी हेच कुत्रं सोफा फाडतं, शेपटीमागं गोल फिरतं, पोरांच्या पळत्या पायांना धरतं. जर्मन शेफर्ड थोडं सोसतं. शिवाय अथणीकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा लक्षात घेतला पाहिजे. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याकडून दुपारी कामाची अपेक्षाच करू नये, आणि हस्कीसारखं बर्फातलं कुत्रं तर इथं आणूच नये.

मग पिल्लू बघायचं कसं? पहिल्यांदा पिल्लाकडं बघायचंच नाही, आईकडं बघायचं. मुधोळच्या बाजूला विकणारा कन्नड बोलत असेल तर एवढं वाक्य पाठ करून जावं: “तायि एल्लि?” मराठी कानाला ते ताई वाटतं, पण विचारतोय आपण, ‘आई कुठाय?’ आई दाखवत नसेल तर तिथूनच परत फिरावं. ती दिसली की ती ज्या कामासाठी पाळली आहे ते काम तिला करताना बघायला मागावं. मोकळी सोडल्यावर हाकेला येते का, अनोळखी माणूस दारात आला की काय करते, पिल्लं बाजूला असताना आपण जवळ बसलो तर कितीशा वेळात ढिली पडते. भित्री आई असेल तर पिल्लं तिच्याकडून भीती दोन वाटांनी घेतात, रक्तातून आणि बघून. बाप गावात असेल तर तोही बघावा. मागच्या वेतातली पिल्लं कुणाकडं गेली ते विचारून त्यांतलं एखादं दीड-दोन वर्षांचं कुत्रं पाहून आलं, तर त्याइतकी पक्की माहिती दुसरी नाही.

पिल्लं सात आठवड्यांची असताना, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आसपास, बघायला जावं. एकदा नाही, दोनदा, मध्ये दोन दिवस टाकून; एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. नुकतं पोटभर पिऊन झोपेला आलेलं पिल्लू सुस्त दिसतं आणि भुकेलं पिल्लू हवं त्याहून चपळ. ‘जे पहिलं धावत येईल ते आपलं’ हे ऐकायला गोड आहे, पण पहिलं येणारं बहुतेक वेळा त्या घटकेला सगळ्यात जागं असलेलं पिल्लू असतं. दुसऱ्या भेटीत ते तिसरं येतं.

एकेक पिल्लू भावंडांपासून वेगळं, त्यानं न पाहिलेल्या जागी घ्यावं. गोठ्याची मागची बाजू चालते. खाली ठेवून दोन मिनिटं काहीच करू नये. कुठं जातं, नाक खाली की डोळे वर, आपल्याकडं वळून बघतं का, एवढंच बघत राहावं. मग दीड-दोन मीटर सुतळीला बांधलेली चिंधी त्याच्यापासून लांब जाईल अशी झटक्या-झटक्यानं ओढायची. तोंडावर आणायची नाही. सावज कधी अंगावर येत नसतं. पाठलाग करतं, पकडतं, पकडल्यावर हलवतं, की सोडून देतं? कागदाचा बोळा करून तीन-चार पावलांवर टाकावा. उचलून आपल्याकडं आलं तर माणसाबरोबर काम करण्याची ओढ आहे. उचलून कोपऱ्यात घेऊन गेलं तर पकडीची ओढ आहे पण वाटून घेण्याची नाही; त्याला शिकवता येतं, जास्त वेळ लागतो. कारवानी पिल्लानं बोळा आणला नाही म्हणून नाराज होऊ नये, ते त्याच्या कड्यांत नाही.

उकडलेल्या अंड्याचा तुकडा बुट्टीखाली ठेवावा, पिल्लाला वास येऊ द्यावा आणि घड्याळ लावावं. पंधरा सेकंदांत सोडतं, की दीड-दोन मिनिटं पंजानं, नाकानं, दातानं खटपट करतं? का थोडी खटपट करून आपल्या तोंडाकडं बघतं? वर बघणारं घरात शिकवायला सोपं. न बघता झगडत राहणारं एकट्यानं करायच्या कामाला बरं, शोधाच्या किंवा कळपाच्या. शेवटी पाच-सहा फुटांवर स्टीलचं ताट फरशीवर पाडायचं. दचकणं वाईट नाही. न दचकणारं पिल्लू बहिरंही असू शकतं. बघायचं ते दचकल्यानंतरचं. काही क्षणांत मान लांब करून ताट हुंगायला आलं तर उत्तम. अर्ध्या मिनिटानं आलं तरी चालेल. भिंतीला चिकटून थरथरत राहिलं आणि नंतर अंडंही खाईना, तर त्याला कामाच्या घरी नेऊ नये. शांत माणसाच्या घरी ते सुखानं राहील.

ह्या सगळ्यावर किती विसंबावं? थोडंच. सात आठवड्यांच्या चाचणीवरून मोठं कुत्रं कसं निघेल हे फार कमी सांगता येतं. २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारून आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक वाचून एक मोठा अभ्यास झाला. कुत्र्या-कुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी जातीमुळं येणारा वाटा त्यात ९ टक्क्यांच्या आसपासच निघाला. ह्याचा अर्थ जातीला काही किंमत नाही असा काढू नये. त्यातले बहुतेक घरी पाळलेले कुत्रे होते, आणि कामावर पारखून पैदास केलेली घराणी ही वेगळी गोष्ट आहे. पण “मुधोळ आहे म्हणजे असंच वागणार” हे म्हणणं त्यानंतर अवघडच. म्हणून आईवर इतका जोर. चाचणीचा खरा उपयोग सगळ्यात भित्रं आणि सगळ्यात तापट पिल्लू बाजूला काढण्यापुरता, आणि उरलेल्यांत कुठल्याची मजुरी आपल्याला परवडते ते कळण्यापुरता.

महिन्याचं झालं की पिल्लू देऊन टाकायची रीत आपल्याकडं फार आहे. विकणाऱ्याचं दूध-अंड्याचं खर्चिक काम वाचतं आणि घेणाऱ्याला पिल्लू गोजिरं दिसतं. पण पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी झोंबताना, जोरात चावलं की खेळ थांबतो हे पिल्लू शिकतं. ते न शिकता आलेलं कुत्रं माणसाच्या हातावर जबड्याचा जोर आवरत नाही. आठ आठवड्यांपर्यंत थांबावं, हवं तर जादा दिवसांच्या खुराकाचे पैसे द्यावेत. दोन भावंडं एकदम घेऊ नयेत. ती एकमेकांतच रमतात आणि माणूस त्यांना परका राहतो.

लसीचं आणि जग दाखवण्याचं गणित जमवावं लागतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढच्या दर तीन-चार आठवड्यांनी सोळावा आठवडा होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर पार्व्हो ह्या जीवघेण्या साथीच्या रोगाची भीती असते म्हणून लोक पिल्लू कोंडून ठेवतात आणि नेमकी खिडकी मिटून जाते. मधली वाट अशी, की पिल्लाला जमिनीवर न ठेवता खांद्यावर घेऊन फिरावं. बाजाराचा दिवस, एसटी स्टँड, ऊस भरलेला ट्रॅक्टर, बँजो, टोपी घातलेला म्हातारा, छत्री उघडणारी बाई. रोज एक-दोन नवी गोष्ट, दहा मिनिटं, आणि घाबरलं तर लांबूनच. अनोळखी कुत्र्यांनी घाण केलेल्या जागी मात्र उतरवू नये.

पिल्लू ठरलं की निघायच्या आठवडाभर आधी घरची एक जुनी सुती साडी किंवा घोंगडीचा तुकडा न धुता त्या मालकाकडं देऊन यावं आणि तो आईच्या अंगाखाली टाकायला सांगावा. आणायच्या दिवशी प्रवासाआधी तीन तास खायला देऊ नये. मुधोळहून बेळगाव म्हणजे अडीच-तीन तास. यरगट्टीच्या आसपास एकदा थांबून दोन घोट पाणी पुरे. घरी आल्यावर पहिल्या रात्री ते कापड पिल्लाच्या अंगाखाली अंथरावं आणि कोणीतरी हाताच्या अंतरावर निजावं. रात्री दोनदा उठून कुंथेल तेव्हा बाहेर न्यावं, परत त्याच कापडावर ठेवावं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सकाळी त्याला मोकळं सोडून वहीत एवढंच लिहीत जावं: आज आपणहून कशाकडं गेलं, आणि बोलावल्यावर काय सोडून आलं.